आवाज ऐकण्याचे पैसे : आमची वाटचाल

गाडीतला ब्लोअर, म्हणजे डॅशबोर्डमागून गार-गरम हवा फेकणारा पंखा, आवाजावरून तपासायचा आणि दुरुस्त करायचा हा धंदा आम्ही दोघांनी उभा केला. मी गिऱ्हाईक आणि हिशेब बघायचो, मिस्त्री हत्यारं बघायचे. वयाने माझ्याहून बरेच मोठे, आयुष्य स्टार्टर आणि डायनॅमो भरण्यात, म्हणजे त्यांची तार नव्याने गुंडाळण्यात, गेलेलं. त्यांच्याकडे लाकडी मुठीचा हातभर लांब स्क्रूड्रायव्हर होता. त्याचं टोक ब्लोअरच्या मोटरवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. तेवढ्यात कुणी बोललं तर शिवी ठरलेली. पुढे आम्ही मेकॅनिकचा स्टेथोस्कोप आणला, तारेतला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर आणला, पण निवाडा व्हायचा तो त्या मुठीवरच.

सगळ्यात आधी इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवायची आणि ब्लोअर लावायचा. आवाज गेला, तर तो ब्लोअरचा नव्हताच, बॉनेट उघडा आणि बेल्टकडे बघा. आवाज राहिला, तर ऐकत बसा. फडफड होते आणि वेग वाढवला की दाट होते, म्हणजे काचेखालच्या जाळीतून पान आत गेलंय. सकाळी कुईकुई आणि जरा वेळाने गप्प, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो तो बुश कोरडा पडलाय. नुसत्या वळणावर घरघर, म्हणजे शाफ्टला, त्या दांड्याला, प्ले (ढिलेपणा) आलाय आणि पंखा कवचाला घासतोय. आणि अख्खा डॅशबोर्ड थरथरत असेल तर पंख्याचा तोल गेलाय : पात्यांत माती साचली, पातं तुटलं, नाहीतर बॅलन्सची इवलीशी क्लिप आधीच्या कुणा शहाण्याने 'ही कसली पत्री' म्हणून उपटून फेकली. ती फेकू नका हो.

या ऐकण्याचे आम्ही पैसे लावायचो. तपासणीचे वेगळे, कामाचे वेगळे. आमच्या धंद्यातलं खरं भांडण हे. ग्लोव्ह बॉक्स उतरवून, तीन स्क्रू सोडून मोटर खाली घेतली आणि चिमट्याने वाळकं पान काढून दाखवलं, की गिऱ्हाईक म्हणणार, "पान काढायचे पैसे कसले?" खोक्यातून नवी मोटर काढली असती तर हाच माणूस मुकाट्याने पाकीट उघडतो.

हे नेमकं ओळखलं ते समोर आलेल्या गॅरेजने. काचेचं ऑफिस, बसायला सोफा, 'तपासणी मोफत'. मोफत तपासणीत निदान एकच निघायचं : मोटर गेली. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही.

आमच्या कामाचा मोठा भाग तेव्हा एका ट्रॅव्हल्सवाल्याच्या गाड्यांवर चालायचा. त्यांच्या कानात घातलं गेलं, की हे लोक जुनीच मोटर तेल लावून परत बसवतात. बसवत होतोच! बिलावर तसं लिहीतही होतो. अशा मोटरचा बुश सच्छिद्र ब्रॉन्झचा असतो, तो अंगात तेल धरून ठेवतो. मोटरला करंट पोचवणारे कार्बन झिजून संपले नसतील, शाफ्टला प्ले नसेल, तर मोटर खोलून कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) साफ करायचा, बुशला योग्य तेल पाजायचं, की ती पुन्हा इमानाने फिरते. हे काम आहे. बाहेरून स्प्रे मारणं हे काम नाही. त्याने उरलंसुरलं तेल धुऊन निघतं, वर धूळ चिकटते आणि चार दिवसांनी कुईकुई परत हजर.

पण ऐकून कोण घेतो? त्यांच्या गाड्या आमच्याकडे यायच्या बंद झाल्या आणि मागची बिलंही अडकली. पोरांना कामावरून कमी करावं लागलं. मिस्त्रींनी आपला हिस्सा घ्यायचं बंद केलं. रात्री घरी स्टार्टर भरून ते आपला संसार चालवायचे आणि सकाळी दुकान उघडायला माझ्याआधी हजर. त्या काळात मला कुणी विचारलं असतं तर मी शटर ओढलं असतं. मिस्त्रींना विचारायची छाती नव्हती.

अशात एक डॉक्टर बाई आल्या. समोरच्यांनी नवी मोटर बसवली होती, टकटक तशीच. मिस्त्रींनी ब्लोअर बंद केला आणि गार-गरमचं बटण फिरवलं. टक, टक, टक. पंखा फिरतच नव्हता, तरी आवाज! गरम-गार हवेचा फ्लॅप हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या प्लास्टिक गिअरचा दात तुटला होता. बाईंनी न विचारता तपासणीचे पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "मीही तपासायचेच पैसे घेते." त्यांनी पाठवलेल्या माणसांवर आम्ही ते दिवस काढले. आजही त्यांची गाडी रांगेत थांबत नाही, कुणाला राग आला तर येवो.

ट्रॅव्हल्सच्या गाड्यांचं पुढे काय झालं? समोर मोटर बदलून आवाज गेला, पण एकेका गाडीत ब्लोअर फक्त फुल स्पीडवर चालू लागला. कमी वेगासाठी करंट अडवणारा रेझिस्टर बदलला की थोडे दिवस ठीक, मग तेच. वायरींचे कपलर (जोड) वितळले. आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर मात्र कुणी उघडून बघितला नव्हता. फिल्टर तुंबला की मोटरवर ताण येतो असं सगळे सांगतात. क्लॅम्प मीटर लावून बघा, अँपिअर उलट कमी भरतात, कारण पंख्याला ढकलायला हवाच मिळत नाही. जळतो तो रेझिस्टर. तो हवेच्या वाटेत बसवलेला असतो तो त्याच हवेने गार राहावा म्हणून. हे निदान आम्ही लेखी दिलं, तपासणीच्या बिलासकट.

गाड्या परत आल्या. अडकलेली बिलं मात्र निम्मी करून मिळाली आणि वर 'संबंध टिकवायचे असतात' हे ऐकावं लागलं. नंतरची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. समोरचं गॅरेज आहे तिथेच आहे, तपासणी अजून मोफत आहे. तिथे गेलात तर एवढं करा : गाडी देण्याआधी काचेखालची जाळी आणि केबिन फिल्टर स्वतः बघून घ्या, आणि मोटर बदललीच तर जुनी मागून घ्या. बारा व्होल्ट देऊन आम्ही ती तुमच्यासमोर फिरवून दाखवू. त्याचे मात्र पैसे पडतील.