तुम्ही विचारलंत म्हणून: बाकूशी आमचं काय नातं

"भाऊ, कापसाले भाव नाही, अन् तुम्ही त्या जगाच्या हवामान परिषदेच्या मागं कायले लागले?" बाजारात, लग्नात, ग्रामसभेत हाच प्रश्न. एकदाचं लिहूनच टाकतो. 2024 ची ती परिषद अझरबैजान देशातल्या बाकू शहरात झाली.

वरोरा तालुक्यात आमचं वावर आहे. पावसानं काय मांडलंय ते तुम्हीही भोगताय. मला सांगायचंय ते 24 नोव्हेंबर 2024 च्या पहाटेचं. आदल्या दिवशी विधानसभेचा निकाल लागलेला, रस्त्यावर गुलाल. मी मोबाइलवर बाकूची शेवटची बैठक बघत बसलेलो. हवामान बदलाशी लढायला विकसनशील देशांनी श्रीमंत देशांकडे वर्षाला 1,300 अब्ज डॉलर मागितले होते. मसुद्यात 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज. अध्यक्षांनी हातोडा आपटला, मंजूर म्हणाले, टाळ्या पडल्या. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांना बोलायला मिळालं ते त्यानंतर. आम्हाला निर्णयाआधी बोलायचं होतं, तसं कळवलंही होतं, असं त्या सांगत होत्या. हा दस्तऐवज म्हणजे दृष्टिभ्रम आहे, आम्हाला मान्य नाही, म्हणाल्या. नायजेरियानं साथ दिली. निर्णय तसाच राहिला. एवढ्या मोठ्या देशाची ही गत, तर आपल्या वावराचं गाऱ्हाणं तिथवर पोचणार कसं? मला रडू आलं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

हे बाकूपुरतं नाही. 1995 च्या पहिल्या परिषदेपासून मतदानाचा नियमच मंजूर झालेला नाही, म्हणून सगळं सहमतीनं चालतं. तेलवाले देश तिच्या आडून अडवून धरतात. आणि 2010 मध्ये मेक्सिकोतल्या कानकूनच्या परिषदेत बोलिव्हिया उघड विरोध करत असताना सहमती जाहीर झाली.

पूर्वी मी याच सहमतीची बाजू घेऊन भांडायचो, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं उदाहरण देऊन. तिथली ग्रामसभा सर्वसहमतीनंच निर्णय घेते, मग जगानं का घेऊ नये? तो जुना मी आजही मला विचारतो: मतदान आलं तर छोट्यांना कोण विचारेल? माझं उत्तर असं, की मेंढ्यात शेवटच्या माणसाला पटेपर्यंत बाकीचे थांबतात, आणि निर्णय भोगणारेच तिथं बसलेले असतात. बाकूत यातलं काय होतं? पापुआ न्यू गिनी आणि मेक्सिकोनं 2011 मध्ये सुचवलं होतं, सगळे प्रयत्न थकले तर तीन-चतुर्थांश बहुमतानं ठरवा. मला ते हवं आहे.

पण माझा पुतण्या कोळसा खदानीत आहे. 2021 मध्ये ग्लासगोच्या परिषदेत कोळशाबद्दलची भाषा शेवटच्या घटकेला, 'बंद करू'ऐवजी 'कमी करू' अशी, सौम्य करून घेतली ती भारतानंच. मतदान असतं तर आपण हरलोही असतो. "काका, तुमच्या मतदानात आमची खदान गेली तर?" तो विचारतो. मी म्हणतो, मत पडण्याआधी खदानीतल्या माणसांना तिथं बोलू दिलं पाहिजे. ग्लासगोच्या वेळी चिठ्ठ्या टाकून जगभरातून 100 सामान्य माणसं निवडून त्यांची सभा भरवलीच होती. तशा सभेचं म्हणणं देशांवर बंधनकारक करा. त्याला हे पटत नाही. बोलून पगार येत नाही, म्हणतो.

मी मतदानाची मागणी सोडलेली नाही, आणि त्याला द्यायला माझ्याकडे दुसरं उत्तरही नाही.