अंगावर पित्त नाही, रक्तात काही नाही

माझ्या फाइलमध्ये सीबीसीचे, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे, अकरा रिपोर्ट आहेत आणि अकराही नॉर्मल. हिमोग्लोबिन १४च्या पुढे, पांढऱ्या पेशी जागच्या जागी, प्लेटलेट भरपूर. तरी मी रक्ताच्या डॉक्टरांकडे जातो, आणि नातेवाइकांच्या हे काही पचनी पडत नाही. "रक्त ठीक आहे म्हणतोस, मग रक्ताचा आजार कसला?" दीड वर्ष मीही हेच विचारत होतो. मास्टोसायटोसिस, म्हणजे अंगातल्या मास्ट नावाच्या, ॲलर्जी घडवणाऱ्या पेशींची फाजील वाढ, हे नाव कागदावर यायला तेवढा वेळ गेला.

भोरला माझी छोटी ऑफसेट प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणुका आल्या की हँडबिलं. नोव्हेंबर २०२२मध्ये एका रविवारी आम्ही चौघे मित्र बाजारवाडीतून रोहिडा चढत होतो. दुसऱ्या दरवाजाच्या जरा अलीकडे आग्या माश्या उठल्या. बाकीच्यांना सात-सात, आठ-आठ डंख बसले. मला फक्त दोन, एक मानेवर आणि एक करंगळीला. आठ डंखवाला मित्र शिव्या देत उभा होता आणि दोन डंखवाला मी आडवा. कान तापले, पोटात कळ आली, समोरचा दगड पिवळट दिसायला लागला, एवढंच आठवतं. मित्राने माझे पाय उचलून एका धोंड्यावर ठेवले. शाळेत प्रार्थनेला चक्कर येऊन पडलेल्या पोरांचे पाय गुरुजी असेच वर करायचे, म्हणून. त्याचं ते करणं अगदी बरोबर होतं हे मला पुढे कळलं.

खाली आणून गाडीत घालून दवाखान्यात नेलं तेव्हा वरचं बीपी ६० होतं. सलाईन, ॲड्रेनलिन, एव्हिल. तासाभराने माणसात आलो. डॉक्टरांनी पाठ, पोट, मांड्या सगळं बघितलं. अंगावर एकही गांध नाही. आपल्याकडे ॲलर्जी म्हणजे अंगावर पित्त उठणं. पित्त नाही म्हणजे ॲलर्जी नाही, असं आमच्या आईने ठरवलं आणि पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलनेही तेच ठरवलं. ईसीजीत थोडा बदल दिसला म्हणून अँजिओग्राफी झाली. रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. घाबरून चक्कर आली असावी, अशा अर्थाचं काहीतरी डिस्चार्ज कार्डावर लिहून मला घरी पाठवलं, सोबत धडधडीसाठी मेटोप्रोलॉलची रोज एक गोळी. ही गोळी लक्षात ठेवा.

ऑक्टोबर २०२३. दिवाळीच्या कॅलेंडरांचा कागद यायचा होता म्हणून गोडाऊनचं शटर वर सारलं, तर पट्टीच्या आत गांधीलमाशीचं घर. एकच चावली, मनगटावर. मशीनमनला म्हटलं, "जरा बसतो रे," आणि बसायच्या आधीच पडलो. या वेळी शुद्धीवर यायला जास्त वेळ लागला. ॲड्रेनलिनची दोन इंजेक्शनं दिली तरी बीपी म्हणावं तसं वर येईना. अंगावर मात्र पुन्हा काही नाही. गांधीलमाशी चावली आणि गांध नाही, असा विनोद मी दुसऱ्या दिवशी केला. बायको हसली नाही.

त्या दिवशी कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर मुलगी ड्यूटीवर होती. तिने बायकोला विचारलं, "काकू, चावून किती वेळ झाला?" दीड तास, असं कळल्यावर तिने लाल टोपणाच्या साध्या नळीत रक्त काढलं आणि म्हणाली, "याची ट्रिप्टेज टेस्ट करायला पाठवते. लॅब पुण्याची आहे, महाग आहे, पण आत्ता नाही काढलं तर परत मिळणार नाही." आमच्या लाइटबिलापेक्षा महाग होती. पण पुढचं सगळं या एका नळीमुळे झालं. त्या मुलीला मी नंतर पेढे द्यायला गेलो तर तिची बदली झालेली.

ट्रिप्टेज हे मास्ट पेशींच्या पोटातल्या दाण्यांमध्ये असतं, हिस्टामिनच्या जोडीने. पेशी बिथरली की दोन्ही बाहेर पडतात. हिस्टामिन काही मिनिटांत नाहीसं होतं, ट्रिप्टेज काही तास रक्तात राहतं. म्हणून ते वेळेत पकडावं लागतं, शक्यतो पहिल्या चार तासांत. माझं त्या दिवशीचं आलं ४८. निरोगी माणसाचं साधारण ११च्या आत असतं. पण खरा धक्का त्यापुढचा. दोन आठवड्यांनी, मी ठणठणीत असताना, काही चावलेलं नसताना पुन्हा काढलं, तर २७.४. म्हणजे एरवीही माझ्या अंगात या पेशी काहीतरी गळत होत्या. आणि पुण्याच्या ॲलर्जीच्या डॉक्टरांनी तिथेच पाकिटावर हिशेब केला: नेहमीच्या आकड्याला १.२ने गुणायचं, त्यात २ मिळवायचे. आले ३५ला थोडे कमी. झटक्याच्या वेळचा आकडा त्याच्या वर असेल तर तो झटका मास्ट पेशींचाच. ४८ बराच वर होता. घाबरून आलेली चक्कर तिथे संपली.

या मॅडमनी मला जे प्रश्न विचारले ते आधी कोणीच विचारले नव्हते. कडकडीत पाण्याने आंघोळ केली की छाती लाल होते का? (होते. मला वाटायचं सगळ्यांचीच होते.) पोट कितीदा बिघडतं? (महिन्यातून दोनदा. मी ते स्टँडवरच्या वडापाववर ढकलत होतो.) अंगावर तपकिरी डाग, चोळले की फुगणारे? ते मात्र नव्हते. या आजाराच्या बऱ्याच लोकांना ते असतात आणि त्यावरूनच आजार सापडतो. डाग नसलेला पुरुष, डंखानंतर अंगावर पित्त न उठता थेट बेशुद्ध पडलेला, आणि ट्रिप्टेज वाढलेलं. मॅडम म्हणाल्या, हे अगदी ठरलेलं चित्र आहे. ज्या गोष्टीमुळे सगळ्यांनी ॲलर्जी नाही म्हटलं होतं, तीच खरी खूण होती.

मग त्यांची नजर गोळ्यांच्या यादीवर गेली. "मेटोप्रोलॉल कोणी दिलं?" ही गोळी शरीरात असली की ॲड्रेनलिनचा असर नीट होत नाही. ज्याला माशी चावली तर ॲड्रेनलिनवाचून वाचायचं नाही, त्या माणसाला वर्षभर रोज सकाळी ती चालू होती. मॅडमनी हृदयाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून ती कमी करत बंद केली. मी राग धरला नाही असं म्हणणार नाही.

पुढे रक्ताच्या डॉक्टरांकडे. त्यांनी माझ्या रक्ताची काच स्वतः मायक्रोस्कोपखाली बघितली. दोनशे पांढऱ्या पेशी मोजल्या. मास्ट पेशी एकही नाही. मी हुश्श केलं. डॉक्टर म्हणाले, "हुश्श करू नका, आणि घाबरूही नका." मास्ट पेशी जन्मते अस्थिमज्जेत, पण कच्ची असतानाच बाहेर पडते. रक्त हा तिचा नुसता रस्ता. कातडी, आतडी, फुप्फुसं इथे जाऊन ती पिकते आणि मुक्काम ठोकते. त्यामुळे पिकलेली मास्ट पेशी रक्तात दिसत नाही, आजार असला तरी बहुतेकांच्या दिसत नाही. ती रक्तात ढिगाने दिसायला लागली, शंभरात दहा किंवा जास्त, आणि मज्जेत शंभरात वीसच्या वर, तर तो मास्ट सेल ल्युकेमिया. फार दुर्मीळ आणि फार वाईट. आदल्या रात्री दोन वाजता मोबाइलवर मी नेमकं तेच वाचून बसलो होतो. कृपा करून तसं करू नका. म्हणजे कराल, मला माहीत आहे.

पेशी दिसत नसली तरी तिची सही रक्तात सापडू शकते. किट नावाचं एक जनुक आहे. मास्ट पेशीला "वाढ" म्हणून सांगणारं बटण तेच बनवतं. त्या बटणात ८१६व्या जागी ॲस्पार्टिक ॲसिड या घटकाऐवजी व्हॅलिन आलं की बटण चालू ते चालूच. या बदलाला डी८१६व्ही म्हणतात आणि मोठ्या माणसांतल्या बहुतेक रुग्णांत तो असतो. माझा धंदा कळल्यावर डॉक्टर म्हणाले, "एका अक्षराची चूक समजा." मी म्हटलं, "डॉक्टर, आमच्याकडे एका अक्षरावरून आख्ख्या पत्रिका परत येतात."

पहिला जनुकाचा रिपोर्ट आला: बदल आढळला नाही. म्हणजे रक्त पुन्हा नॉर्मल. मी पेढे आणायच्या बेतात. डॉक्टरांनी मात्र रिपोर्टचं शेवटचं पान उलटलं. तिथे बारीक टायपात लिहिलं होतं की ही पद्धत पाच टक्क्यांखालचा बदल पकडेलच असं नाही. (बारीक टाइप मी आयुष्यभर छापतो, वाचत कधी नाही.) माझ्यासारख्यांच्या रक्तात तो बदल असलेल्या पेशी हजारात एखाद-दोन असतात. तिथे अनेक जनुकं एकदम तपासणारी मोठी जंत्री उपयोगी पडत नाही. त्याच एका जागेवर बोट ठेवणारी, जास्त बारीक चाळणीची पीसीआर लागते. ती केली. उत्तर आलं: आढळला, ०.१८ टक्के. तुम्हाला कोणाला या रस्त्याने जावं लागलं तर "टेस्ट निगेटिव्ह" ऐकल्यावर पद्धत कोणती होती हे जरूर विचारा. मेडिक्लेमवाल्यांनी दोन्ही टेस्टचे पैसे नाकारले, ॲडमिट नव्हतो म्हणून. तो विषय सोडून देतो.

फेब्रुवारी २०२४मध्ये बोन मॅरो. सगळे घाबरवतात, म्हणून नीट सांगतो. कुशीवर झोपवतात, कंबरेच्या मागच्या हाडावर भूल देतात. त्याआधी मला ॲलर्जीची औषधं दिली होती, कारण ताण, वेदना, काही औषधं, कशानेही मास्ट पेशी बिथरू शकतात. सुई हाडात जाते तेव्हा नुसता दाब कळतो. दुखतं ते सिरिंजने मज्जा ओढतात तेव्हा. ते दुखणं ओळखीचं नाही. आतून, मांडीच्या मुळापर्यंत कोणीतरी दोर खेचल्यासारखं, पण पाच-सात सेकंद. नंतर हाडाचा एक तुकडा काढतात. मी बघायला मागितला. बाटलीत पेन्सिलीच्या शिशाएवढी, दोन सेंटिमीटरची तांबूस काडी. हाड मऊ करून कापायला दिवस लागतात, म्हणून रिपोर्टला आठवडा. वॉर्डात परत आणल्यावर सिस्टर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन भरून आल्या. बायको पलंगाच्या मधे उभी राहिली. "अहो सिस्टर, यांना ही पेनकिलर नाही चालत, फाइलवर लाल अक्षरात लिहिलंय." लाल अक्षरातलं ते लेबल मीच छापलं होतं.

पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांनी मला काच दाखवली, हा माझ्या या सगळ्या फेऱ्यांतला सगळ्यात छान अर्धा तास. टोल्युडिन ब्लू नावाचा रंग, नावाप्रमाणे निळा. सगळी काच निळी, आणि मधेच काही पेशींचे दाणे जांभळे-तांबडे. मी विचारलं, दुसरा रंग कधी टाकला? ते म्हणाले, टाकलाच नाही, एकच रंग आहे, त्या दाण्यांना लागला की तो वेगळा दिसतो. पंचवीस वर्षं शाईत हात घातलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. नुसता सायन लावून मॅजेंटा उमटल्यासारखं आहे ते. पॉल एर्लिख नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने अशाच रंगांचे प्रयोग करताना या पेशी वेगळ्या काढल्या आणि १८७८च्या प्रबंधात त्यांना नाव दिलं. जर्मनमध्ये मास्ट म्हणजे खाऊ घालून पुष्ट करणं. आतले दाणे म्हणजे खाल्लेलं अन्न, असं त्याला वाटलं. माझा मशीनमन त्यांना मस्त पेशी म्हणतो.

चांगल्या मास्ट पेशी गोल असतात. माझ्या बऱ्याचशा दोन्ही टोकांना निमुळत्या, सूत भरलेल्या चातीसारख्या होत्या, आणि पंधराहून जास्त जणी एकमेकींना चिकटून घोळक्याने बसलेल्या, एका नाही, कित्येक ठिकाणी. वर सीडी२५ नावाची खूण, जी चांगल्या मास्ट पेशीवर नसते. निदान लिहिलं गेलं: सिस्टेमिक मास्टोसायटोसिस, मंद प्रकारचा, मज्जेपुरता. "कॅन्सर का?" असं बायकोने विचारलं. डॉक्टर म्हणाले, पेशींची बेशिस्त वाढ आहे, म्हणून पुस्तकात त्या घरात मोडतो, पण या प्रकारात आयुष्य साधारण इतरांइतकंच असतं. "यांना पेशींपेक्षा गांधीलमाशीची भीती जास्त."

आणि हाडांची. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये मणक्याचा टी-स्कोअर उणे २.६ आला. शेहेचाळिसाव्या वर्षी, पुरुषाला, ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाडं. चार वर्षं पाठ दुखत होती, मी कागदाच्या रिमांना दोष देत होतो. आता वर्षातून एकदा हाडांचं सलाईन घेतो. रिमा उचलणं बंद.

औषधं म्हणाल तर साधी आहेत. रोज ॲलर्जीची गोळी, ॲसिडिटीची फॅमोटिडिन, ड जीवनसत्त्व. इमॅटिनिब हे रक्ताच्या कॅन्सरवरचं औषध, जे आपल्याकडे सहज मिळतं, ते या डी८१६व्ही बदलावर चालत नाही. मिडोस्टॉरिन आणि ॲव्हाप्रिटिनिब या नव्या गोळ्या आहेत, अमेरिकेत पहिलीला २०१७मध्ये आणि दुसरीला २०२१मध्ये मंजुरी मिळाली, दोन्ही आधी आजाराच्या उग्र प्रकारासाठी. मला आज त्यांची गरज नाही, असं डॉक्टर म्हणतात. दर सहा महिन्यांनी ट्रिप्टेज आणि सीबीसी. मागचं आलं २६.

ॲड्रेनलिनचं तयार पेन आमच्या बाजूला कुठल्याच दुकानात मिळालं नाही. म्हणून एक डबी केली आहे: दोन अँप्यूल, दोन सिरिंज, कापूस, आणि डॉक्टरांच्या अक्षरातली चिठ्ठी. अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, पँटवरून चाललं तरी चालेल, मग आडवं करून पाय वर, मग गाडी. अँप्यूल फोडायची सवय व्हावी म्हणून बायकोने आणि मशीनमनने जुन्या अँप्यूल फोडून मोसंब्यांना टोचून सराव केला. मशीनमनची पहिली अँप्यूल मधोमध फुटली, बोट कापलं, आणि त्यालाच चक्कर आली.

डबी उन्हात किंवा गाडीत ठेवायची नाही, म्हणून ती प्रेसमध्ये शाईच्या कपाटात असते. स्टॉकच्या वहीत मशीनमनने स्वतःहून तिची ओळ घातली आहे, काळ्या शाईच्या खाली आणि प्लेटांच्या वर. दर एक तारखेला तो तारीख तपासून सही करतो. या महिन्याची नोंद: ॲड्रेनलिन, नग २, मार्चपर्यंत चालेल, एक मागवणे.