जिनिंगच्या भिंतीवरचा पाऊस

पुलगावला उतरून आर्वीकडे जाणारी एसटी धरली, तेव्हा रस्ताभर कापसाच्या गाड्या. दोन्ही बाजूंच्या वावरांत वेचणी चाललेली. एकेकाळी पुलगाव-आर्वी मार्गावर शकुंतला नावाची छोटी आगगाडी धावायची. तिचे रूळ टाकले होते ते कापूस वाहायलाच. मी मात्र निघाले होते सिनेमे पाहायला. वाटेतल्या एका गावी, बंद पडलेल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, शेतीच्या अवजारांचं लहानसं संग्रहालय आहे. तिथं तीन रात्री जुन्या माहितीपटांचं सिंहावलोकन होतं. तिन्ही मूकपट. पडद्यावरच्या पाट्या संग्रहालयातला एक तरुण मराठीत वाचून दाखवत होता.

तिफण, वखर, डवरे एका बाजूला सरकवून भिंतीला चुना मारला होता. खाली ताडपत्री. दिवसभर कापूस वेचून, स्वयंपाक आटोपून बाया लेकरांसकट आल्या होत्या.

पहिल्या रात्री योरिस इव्हेन्स आणि मानुस फ्रांकेन यांचा १९२९चा ‘रेन’. ॲमस्टरडॅममधला पाऊस, जेमतेम बारा मिनिटांचा. कालव्याच्या पाण्यावर पहिले थेंब पडले आणि ताडपत्रीवरची कुजबुज थांबली. छत्र्या उघडल्या, पन्हाळी वाहू लागल्या, ट्रामच्या काचेवरून ओघळ उतरले. तेवढ्यात माझ्या शेजारचे काकाजी म्हणाले, “हे पानी कोनत्या नक्षत्राचं व्हय जी?”

हा प्रश्न मी शहरातल्या कुठल्याही प्रेक्षागृहात ऐकला नसता. पडद्यावर दिसते ती एकच सर, पण इव्हेन्सने महिनोन्‌महिने वेगवेगळे पाऊस टिपून ती जोडली आहे. हे सांगितल्यावर काकाजी म्हणाले, “तरीच! सुरवातीचं पानी मिरगाचं वाटते, मंगचं हत्तीचं.” मी हा माहितीपट चारदा पाहिला आहे, सरींमधला फरक मला त्या रात्री पहिल्यांदा दिसला.

दुसऱ्या रात्री रॉबर्ट फ्लाहर्टीचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’, १९२२चा. उत्तर कॅनडाच्या बर्फात राहणाऱ्या नानूक नावाच्या इन्युइट शिकाऱ्यावरचा. भाल्यात अडकलेल्या वॉलरसच्या, म्हणजे सुळेवाल्या समुद्री प्राण्याच्या, दोराला माणसं झोंबू लागली तशी पोरंही ओरडू लागली, ओढा, ओढा! मग नानूक बर्फाचं घर बांधतो आणि बर्फाच्याच लादीची खिडकी बसवतो. मागून एक आजी म्हणाल्या, “खिडकी एवढुशी, मंग आत एवढा उजेड कुठून येऊन रायला?”

अगदी नेमकं. आत चित्रीकरणाला उजेड पुरेना, म्हणून फ्लाहर्टीने नेहमीपेक्षा मोठं आणि एका बाजूने उघडं घर बांधून घेतलं होतं. शिकारीचंही तसंच: तिथल्या लोकांकडे तेव्हा बंदुका होत्या, पण त्याला भाल्याची शिकार हवी होती. पडद्यावर नानूक झालेल्या शिकाऱ्याचं खरं नाव अल्लाकारियालाक. “म्हंजे खोटं व्हय का मंग?” कुणीतरी विचारलं. त्यावर बराच वेळ वाद चालला. आजींचं म्हणणं, थंडी तर खरी होती ना. मला ते पटलं.

वाद रंगात असताना काकाजी उठले. “ताई, लाइन आली असंन. ओलित करा लागते.” शेताची वीज रात्रीची, हरभऱ्याला पाणी द्यायचं तर रात्रीच जायचं. बॅटरी घेऊन ते अंधारात निघाले, त्यांच्यामागे आणखी तिघं. थंडी खरी होतीच.

तिसऱ्या रात्री सोव्हिएत दिग्दर्शक झिगा व्हेर्तोव्हचा ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’. सूतगिरणीतल्या चात्या भिरभिरू लागल्या तशा बाया पुढे सरकल्या. “आपलाच कापूस असंन काय?” नसावा, सोव्हिएत गिरण्यांना मध्य आशियातून कापूस जायचा. पण चात्यांमागे उभ्या बाईच्या हातांकडे त्या ज्या नजरेनं पाहत होत्या, ती नजर मला विसरता येत नाही. व्हेर्तोव्हची बायको स्विलोवा फिल्मच्या पट्ट्या कापताना दिसली, तर एकीनं लगेच ओळखलं, “हे शिवून रायली.”

सिनेमा संपला तरी काकाजी बसूनच होते. त्यांनी पहिल्या रात्रीचा पाऊस पुन्हा मागितला. यंत्र बंद करायला घेतलेल्या तरुणानं काही न बोलता ‘रेन’ लावला, आणि चुन्याच्या भिंतीवर पुन्हा पहिला थेंब पडला.