सुआन मोक्खला जाताय? आधी इगतपुरी करा

सेमिस्टर संपल्यावर थायलंडला निघालोय म्हटलं की होस्टेलवर जे जे ऐकून घ्यावं लागतं, ते सगळं ऐकून झालं. मी चाललो होतो चैय्याला. सुरत थानी प्रांतातलं हे लहानसं गाव. थाई भिक्खू बुद्धदास यांनी 1932 साली सुरू केलेला सुआन मोक्ख हा वनविहार तिथेच आहे. हमरस्त्याच्या पलीकडे परदेशी साधकांसाठी वेगळं केंद्र आहे आणि दर महिन्याच्या 1 तारखेपासून तिथे दहा दिवसांचं आनापानसतीचं, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवून करायच्या ध्यानाचं शिबिर इंग्रजीतून चालतं. आदल्या दिवशी स्वतः हजर राहून नाव नोंदवायचं, ही तिथली जुनी पद्धत. तरी तिकीट काढण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर सध्याचे नियम बघाच. व्हिसाचंही तसंच, भारतीयांसाठीचे नियम गेल्या काही वर्षांत बरेच बदललेत. मे 2025 पासून विमानात बसण्याआधी आगमनाचा डिजिटल फॉर्म भरावा लागतो. तो फुकट असतो, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.

बँकॉकहून दक्षिणेकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या आता क्रुंग थेप अपिवत या नव्या स्टेशनातून सुटतात. रात्रीच्या स्लीपरमध्ये खालचा बर्थ थोडा महाग, पण रुंद असतो. प्रत्येक गाडी चैय्याला थांबत नाही, त्यामुळे वेळापत्रक नीट बघा. नाहीतर पहाटे डोळे चोळत सुरत थानीला उतराल आणि तिथून उलटं यावं लागेल. एटीएम परदेशी कार्डावर दर खेपेला दोनशेच्या वर बात (थायलंडचं चलन) कापतं, तेव्हा लागतील तेवढे पैसे एकदाच काढा.

आता राहण्याचं. सिमेंटचा ओटा, त्यावर चटई, वर मच्छरदाणी आणि डोक्याखाली लाकडी उशी. उशी म्हणजे खाचा पाडलेला ठोकळाच! पहिल्या रात्री मी ती बाजूला सारून पंचाची घडी डोक्याखाली घेतली. पुढे मात्र तिच्यावरच छान झोप लागायला लागली. पहाटे चारला घंटा. अंघोळ उघड्यावर, हौदातलं पाणी भांड्याने अंगावर घेऊन आणि तीही सारोंग, म्हणजे लुंगीसारखं कापड, नेसूनच. मुलींनी तो छातीपासून गुंडाळायचा. घरून पंचा नेलात तर मुलांचं भागतं. सकाळी भाताची पेज, दुपारी भात-भाजी, संध्याकाळी फक्त गरम पेय. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात नव्या साधकाला निदान फळं-चुरमुरे मिळतात, इथे तेही नाही. जाण्याआधी आठवडाभर रात्रीचं जेवण कमी करत न्या, मग पोट कुरकुरत नाही. ओडोमॉस भरपूर न्या, कारण डास मारायची सोय नाही. जीव न मारण्याचं शील घेतलेलं असतं. चप्पल घालण्याआधी झटका, विंचू असतात. आणि टॉर्च विसरू नका.

साधनेबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. इगतपुरीत गोएंका गुरुजींच्या पद्धतीत सुरुवातीचे तीन दिवस आनापान, मग विपश्यना, म्हणजे अंगभरच्या संवेदना बघत जाणं, आणि अधिष्ठानाच्या (निश्चयाच्या) बैठकीत तासभर हलायचं नाही. इथे शेवटपर्यंत श्वासच. आनापानसति सुत्तातल्या सोळा पायऱ्या, चार-चारांच्या गटांत: काया, वेदना (दुखणं नव्हे, सुख-दुःखाची जाणीव), चित्त, धम्म. बैठक झाली की चंक्रमण, म्हणजे सावकाश चालत ध्यान, मग पुन्हा बैठक. सकाळी योगासनं. मौन कडक असलं तरी मागे लागून बसवणारं कुणी नाही. नारळाची झाडं, तळी, वर गरम पाण्याचं कुंड! ज्याला बसायची सवय नाही तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून तळ्याकाठी रेंगाळायला लागतो. माझ्याबरोबरचे काहीजण चौथ्या दिवसानंतर दिसलेच नाहीत. म्हणून म्हणतो, आधी इगतपुरीचं दहा दिवसांचं शिबिर करा. तिथे शुल्क नाही, नंतर द्यायचं ते दान ऐच्छिक. तिथे पाय आणि पाठ तयार झाली की इथली मोकळीक कामाला येते. मला चंक्रमणाचा फायदा बैठकीपेक्षा जास्त झाला, हे इगतपुरीत मला कधीच कळलं नसतं.

आमच्या घरी बुद्धवंदना रोजची. तरी मुख्य विहारात भिक्खूंचं पठण ऐकताना गोंधळायला झालं. थाई उच्चारात ‘बुद्धं सरणं गच्छामि’चं ‘फुत्थं सरणं खच्छामि’ होतं. दोन-चार ओळींनंतर चाल सापडली आणि ओठ आपोआप हलायला लागले. शेजारचा जर्मन मुलगा कागदात बघून म्हणत होता. हा कागदाशिवाय कसा म्हणतोय, म्हणून माझ्याकडे वळून वळून पाहत होता.

दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका. त्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर धो-धो पाऊस असतो. उन्हाळ्यात उकडतं, पण निभावतं. ज्यांना महिनाभर सुट्टी आहे त्यांच्यासाठी चियांग माईच्या वाट रामपोंगचा (थाईत ‘वाट’ म्हणजे विहार) 26 दिवसांचा अभ्यासक्रम आहे. तो ब्रह्मदेशच्या महासी सयाडोंच्या पद्धतीचा आणि पुष्कळ कडक, पहिल्यांदाच जाणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

11 तारखेला सकाळी सुटका होते. त्याच दिवशी को फान्गान बेटाची बोट पकडायचा मोह बऱ्याच जणांना होतो. ती पकडू नका. एक दिवस चैय्यातच राहा, वाट फ्रा बोरोम्मथातचा श्रीविजय या जुन्या राज्याच्या काळातला स्तूप बघा, बाजारात पोटभर जेवा. आणि परतीच्या रात्रगाडीचं तिकीट मात्र जातानाच काढून ठेवा.