तुम्ही विचारलंत म्हणून : पुनर्जन्माची रहस्यकथा मध्यंतरानंतर का पडते?

कोल्हापुरात सिनेमाच्या नादाला लागलेली मंडळी स्क्रिप्ट पुढ्यात ठेवतात आणि हेच विचारतात. सुरुवात झकास जमते, मग पुढे गाडी कुठं अडते? पोरीला मागच्या जन्मातलं सगळंच आठवतं, तिथं. खुन्याचं तोंडही आठवलं, तर शोधायचं काय राहिलं?

आठवण ही साक्ष धरा, तीही अर्धवट. मागच्या जन्मी खून झालेल्या बाईनं जे पाहिलं-ऐकलं तेवढंच फ्लॅशबॅकमध्ये यावं. वार पाठीमागून झाला असेल तर चेहरा दिसता कामा नये. प्रेत विहिरीत टाकतानाचा शॉट तर नकोच. तोवर आठवणारी उरलेलीच नसते.

चेहऱ्याऐवजी आवाज द्या. तळात 'विंचू' म्हणतात ते बी घातलेली कोल्हापुरी चप्पल चालताना करकर वाजते, ती दगडी सोप्यावर ऐकू येईल. पण खून पंचगंगेच्या पुरात घडवायचा मोह सगळ्यांनाच होतो. भिजलेलं कातडं मऊ पडतं, करकर बसते. शिवाय भर पावसात ठेवणीतली चप्पल घालून कोण निघतं हो? म्हणजे खून कोरड्या दिवसांत हवा.

इथं अंबाबाईचा किरणोत्सव कामाला येतो. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. परंपरेनं 9 नोव्हेंबरला ते देवीच्या पायांवर, 10 ला छातीपर्यंत आणि 11 ला चेहऱ्यावर पोचतात. 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारीलाही तसंच. पोरगी म्हणाली, "मी गेले त्या दिवशी किरण छातीपर्यंतच आले होते," की वर्षातले दोनच दिवस उरतात. फक्त ढगांची सोय लावा. मावळतीला ढग आले तर 11 तारखेलाही किरण अर्ध्यावरच थांबतात, आणि तपास करणारा चुकायला ही जागा उत्तम.

पण किरण कुठवर आले हे दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. त्यानं तारीख मिळते, पुनर्जन्म सिद्ध होत नाही. त्यासाठी घरातल्या दुसऱ्या कुणाला ठाऊक नसलेली एक गोष्ट लागते : देवळीमागच्या पोकळीत ठेवलेली पावती, असं काहीतरी. तीही पोरीला कुणी पढवली असेल ही शंका शेवटपर्यंत जिवंत ठेवा. 1949 च्या 'महल' या हिंदी सिनेमात पुनर्जन्म अखेरीस बनाव निघतो, तरी तोवर आपण खुर्चीत खिळलेले असतो.

वयाचं गणित पक्कं करा, प्रेक्षक बोटांवर मोजतात. मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हनसन यांनी मागचा जन्म आठवतो म्हणणाऱ्या मुलांच्या शेकडो नोंदी केल्या. त्यांत मुलं साधारण दोन ते चार वर्षांची असताना बोलू लागतात आणि पाच ते आठच्या दरम्यान विसरतात. मृत्यू नोव्हेंबर 1998, जन्म सप्टेंबर 1999, बोलणं 2003 ला : हे बसतं. खुनी त्याच गल्लीत धडधाकट असतो, घरोघरी मोबाइल नसतात, आणि मूल विसरायच्या आत छडा लावायची घाई आपोआप येते.

गाभारा सेटवरच उभारा. भिंतीला झरोका ठेवून त्यामागे लांबवर केशरी जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावलेला एकच दिवा ठेवा आणि टेक चालू असताना तो सावकाश खाली आणा. दिवा उतरतो तसा झोत मूर्तीवर वर चढतो. उलट केलंत तर किरण डोक्याकडून पायांकडे घसरतील, आणि कोल्हापूरच्या थिएटरात ऐन गंभीर सीनला हशा पिकेल.