'बरं वाटतंय ना?' विचारणं मी सोडलं

काका थर्मासचं झाकण लावत होते आणि आटे काही केल्या बसत नव्हते. एकदा, दोनदा, चौथ्यांदा. रात्रीचे साडेनऊ झाले होते. लडाखमधल्या पँगाँग तलावाच्या काठी, स्पांगमिक गावच्या तंबूंमधून मी झोपण्याआधीची चौकशी करत फिरत होते. काकू म्हणाल्या, "अगं, दमलेत ते. काल झोपच लागली नाही." काका हसले, पण माझ्याकडे न बघता.

ही जून 2022 ची गोष्ट. लडाखला माणसं घेऊन जायचं काम मी तेव्हा आठ वर्षं करत होते.

तंबूत सतरंजी होती, तिच्या कडेला लाल पट्टी. म्हटलं, "काका, या पट्टीवरून चालून दाखवा. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला टेकवत." तिसऱ्या पावलाला तोल गेला आणि त्यांनी खांब धरला. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. डोकं दुखणं, मळमळणं, भूक मरणं हे विरळ हवेत पुष्कळांना होतं आणि वर न चढता आराम केला की बहुधा उतरतं. तोल जाणं वेगळं. मेंदूला सूज यायला लागल्याचं ते लक्षण असू शकतं, आणि मग सकाळची वाट बघायची नसते.

काकूंनी औषधांचा पाउच पलंगावर उलटा केला. डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी निघाली, दहापैकी सात घरं फुटलेली. शेजारी झोपेच्या गोळ्या. उंचावर झोपेची गोळी श्वास आणखी मंद करू शकते, हे मी निघण्याआधीच्या बैठकीत सांगितलं होतं. आणि लेहपासून रोज सकाळी मी विचारत होते, "काका, बरं वाटतंय ना?" रोज एकच उत्तर, "एकदम फर्स्ट क्लास!"

"का नाही सांगितलंत?" मी विचारलं. काका म्हणाले, "माझ्यामुळे वीस जणांची सहल बुडायला नको, ताई."

त्यांना रागवायला माझी जीभ उचलली नाही. आपल्याकडे माणूस असाच वाढलेला असतो; चारचौघांत आपल्या दुखण्याचं कौतुक नको म्हणून गप्प राहतो. चूक माझ्या प्रश्नात होती. त्या प्रश्नाला 'हो' शिवाय उत्तरच नाही.

दुसरी चूक आमच्या आखणीत होती. लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे. तिथे पहिले दोन दिवस नुसतं बसून काढायचे असतात, आणि सगळ्यात जास्त वाद त्यांच्यावरूनच होतो: एवढे पैसे भरून हॉटेलात लोळायचं? तरी ते दिवस आम्ही पाळले होते. पण पुढे खार्दुंग-ला ही खिंड ओलांडून नुब्रा खोऱ्यात उतरलं की मुक्कामाचं हुंदर गाव 3,100 च्या आसपास, म्हणजे लेहपेक्षाही खाली. सगळ्यांना तरतरी येते, जेवण जातं, आता अंगवळणी पडलं असं वाटतं. तिथून श्योक नदीच्या कडेने यायचं ते थेट पँगाँगला, 4,250 वर. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत 500 मीटरहून जास्त वाढवू नये असं डॉक्टर सांगतात. आम्ही हजाराच्यावर उडी मारली होती. लोक खार्दुंग-लाच्या पाटीवरच्या उंचीला घाबरतात, पण तिथे आपण पंधरा-वीस मिनिटं थांबतो. जिथे झोपतो ती उंची खरी.

आमच्या ड्रायव्हरला उठवलं. त्याला मी अचो-ले म्हणते, म्हणजे दादा. त्याने काकांकडे एकदाच पाहिलं आणि गाडी सुरू करायला गेला. प्रश्न होता जायचं कुठे. पँगाँगहून लेहला उतरायचं म्हणजे आधी चांग-ला ही खिंड चढायची, सुमारे 5,360 मीटर. बर्फ वितळून नाल्यांना पाणी चढलेलं, त्यामुळे श्योकचा खालचा रस्ता रात्री नको. राहिलं तांगत्से गाव, साधारण 3,950 मीटर, तिथे सरकारी दवाखाना. तीनशे मीटर कमी वाटतात, पण त्या रात्री तेवढेच हातात होते.

एका पाहुण्यांनी धावत येऊन ऑक्सिजनचा स्प्रेचा डबा पुढे केला. मनापासून केला, म्हणून घेतला. पण अशा डब्यात साधारण 10 लिटर असतात. मिनिटाला 2 लिटर धरले तर पाच मिनिटांत संपतो. गाडीत लोखंडी सिलिंडर होता, दीड घनमीटरचा, म्हणजे 1,500 लिटर. मिनिटाला 4 लिटरने सहा तास. तो, त्याचा पाना आणि मास्क निघायच्या आदल्या दिवशी मी स्वतः जोडून बघते. गरम जॅकेट लेहच्या बाजारातही मिळतं, पण पाना विसरला तर सिलिंडर म्हणजे नुसतं ओझं.

तांगत्सेला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. डॉक्टर झोपेतून उठून आले. त्यांनीही काकांना आधी चालवूनच पाहिलं, मग इंजेक्शन दिलं आणि ऑक्सिजन लावला. काकूंचा फोन प्रीपेड, महाराष्ट्रातला, म्हणजे लडाखमध्ये बंद. माझ्या पोस्टपेडवरून मुलाशी बोलणं झालं तेव्हा कुठे त्या पहिल्यांदा रडल्या.

आता मी सकाळी विचारते: रात्री किती वेळा जाग आली? नाश्त्याला पोळ्या किती खाल्ल्या? कालपासून कोणती गोळी घेतली, पट्टी दाखवा. तलाव बघून मुक्कामाला सगळ्यांना तांगत्सेला खाली आणते. पहाटेचा तलाव चुकतो म्हणून काहींना राग येतो, येऊ दे. आणि निघण्याआधीच्या बैठकीत, कपड्यांच्या यादीच्याही आधी, सांगते की कुणी आजारी पडलं तर एक गाडी आणि एक माणूस त्याच्याबरोबर खाली जाईल, बाकीच्यांची सहल चालूच राहील. ते ऐकल्यावर दोघं-तिघं तरी बैठक संपल्यावर हळूच येऊन आपला दमा नाहीतर रक्तदाब सांगतात.

त्या रात्री डॉक्टरांनी पहाटे चार वाजता काकांना पुन्हा चालवलं. दहा पावलं सरळ पडली. उजाडताच सिलिंडर बदलून घेतला आणि मास्क न काढता चांग-ला ओलांडला. वर चहा नाही, फोटो नाही, अचो-लेंनी गाडीचा वेगही कमी केला नाही. उतार लागला तसे काकांनी डोळे उघडले आणि मास्क थोडा बाजूला करून विचारलं, "बाकीचे कुठे आहेत?"

"तलावावर. आत्ता ऊन आलं असेल पाण्यावर."

"सगळे?"

"सगळे, काका."

त्यांनी मास्क नीट लावला आणि काकूंच्या खांद्यावर डोकं टेकलं.