पत्र्याच्या खोलीतून शाळेच्या पटावर

नगर रस्त्यालगतच्या एका मोठ्या बांधकामावरील मजूर वस्तीत आम्ही वर्ग सुरू केला, तेव्हा मुलांना शिकवणे हेच सगळ्यांत अवघड जाईल अशी माझी समजूत होती. ठेकेदाराने सिमेंटच्या गोण्या ठेवण्याची पत्र्याची खोली रिकामी करून दिली, वस्तीतल्याच दहावी झालेल्या एका सुनेने सकाळचा वर्ग घेण्याची तयारी दाखवली आणि मुकादमाच्या बायकोने रोज घरोघर हाका मारून मुले गोळा करण्याचे काम आपणहून अंगावर घेतले. सत्तावीस मुलांपैकी निम्मी नांदेड-परभणीकडची होती आणि बाकीची छत्तीसगड व ओडिशातली. ही दुसरी मुले आमच्या पाठांपेक्षा लगोरी खेळतानाच मराठी अधिक लवकर शिकली.

चार-पाच महिन्यांत बरीच मुले जोडाक्षरे वाचू लागली आणि आम्ही स्वतःवर खूश होतो. तेवढ्यात एका आईने विचारले, "ताई, ह्या शाळेचा दाखला भेटतो का?" आमच्या खोलीतला मुलगा कितीही शिकला तरी सरकारदरबारी तो शाळाबाह्यच राहणार, हे तिला 'नाही' म्हणताना माझ्या ध्यानात आले.

जवळच्या सरकारी शाळेत गेलो, तर मुख्याध्यापकांनी जन्माचा दाखला, आधार कार्ड आणि आधीच्या शाळेचा दाखला मागितला. अकरा मुलांकडे यातले काहीच नव्हते. घरी येऊन मी २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम प्रथमच सबंध वाचला, हे कबूल केले पाहिजे. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेला कायदा मी तोवर पंचवीस टक्के राखीव जागांच्या बातम्यांपुरताच ओळखत होते. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे कलम १४ सांगते. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी तेवढ्यावरून प्रवेश अडवता येत नाही, असे कलम ५ म्हणते. आणि कलम ४ नुसार कधीच शाळेत न गेलेल्या मुलालाही त्याच्या वयाला साजेशा वर्गात बसवून, मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे लागते.

ही कलमे अर्जात उतरवून मी दुसऱ्यांदा गेले ती काहीशा भांडणाच्या पवित्र्यातच. मुख्याध्यापकांना मात्र कायदा ठाऊक होता. ऑनलाइन नोंदणीत आधारविना अडणारी माहिती आणि दिवाळीनंतर काम संपताच निघून जाणाऱ्या मुलांमुळे ढासळणारी हजेरी, यांची उत्तरे वरच्या कार्यालयाला त्यांनाच द्यावी लागतात, ही त्यांची खरी चिंता होती. त्यांना मी मनातल्या मनात जितका दोष दिला होता तितका द्यायला नको होता. तरीही ती चिंता मुलांच्या माथी मारणे मला आजही चूकच वाटते.

वय ठरवण्याचे काम आम्ही वस्तीतच बसून केले. एक आई म्हणाली, "करोनात गावी चालत गेलो, तवा ही कडेवर होती." अशा आठवणींवरून वर्ष काढायचे, गावच्या अंगणवाडीच्या वहीतले नाव किंवा लसीकरणाचे कार्ड फोनवर मागवायचे, आणि तेही नसेल तर पालकांचे लेखी घोषणापत्र जोडायचे. दहा वर्षांच्या एका मुलाला शाळा पहिलीत बसवू पाहत होती. सहा वर्षांच्या मुलांत तो आठवडाभरही टिकला नसता, म्हणून आम्ही पाचवीचाच आग्रह धरला आणि दुपारी त्याची तयारी आमच्या खोलीत करून घेण्याचे मान्य केले.

प्रवेश झाले, आणि खरी अडचण त्यानंतर पुढे आली. शाळा दोन किलोमीटरांवर, वाटेत डंपरांची सतत ये-जा, आणि मोठ्या मुलींच्या कडेवर धाकटी भावंडे. आई-बाप दोघेही कामावर गेल्यावर तान्ह्याला कोण सांभाळणार, याचे उत्तर आमच्या कोणत्याही कागदात नव्हते. शेवटी वस्तीतल्या दोन आज्यांनी त्याच खोलीत सकाळी धाकट्यांना सांभाळण्याचे कबूल केले, तेव्हा कुठे पाच मुली नियमित शाळेत जाऊ लागल्या. रिक्षाचे भाडे हा आमचा सर्वांत मोठा खर्च आहे आणि त्याची वर्गणी मागताना मला अजूनही संकोच वाटतो.

दिवाळीनंतर चार कुटुंबे दुसऱ्या कामांवर गेली. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मिळते. ते दाखवून नव्या ठिकाणी प्रवेश मागता येतो. आम्ही चारही मुलांसाठी कार्डे मागितली. तीन हिंजवडीकडच्या एका शाळेत चालली. चौथ्या मुलीचे कुटुंब कार्ड तयार होण्याच्या आदल्या दिवशीच निघून गेले, वडिलांचा फोन लागत नाही, आणि तिचे कार्ड आमच्या हजेरीच्या वहीत ठेवलेले आहे.